बंगालच्या उपसागरांतील वादळें आणि आपलें धान

गोंदियाच्या शेतकऱ्यास समुद्राचें दर्शन यात्रेच्या निमित्तानें घडलें तर घडलें. तथापि नकाशा पुढें ठेवून पाहिल्यास एक गोष्ट ध्यानांत येते, ती अशी कीं, पश्चिमेस मुंबईचा किनारा आपणांपासून सरळ रेषेंत सुमारें ८०० किलोमीटर आहे, तर आग्नेयेकडील गोपाळपूर, कलिंगपट्टणम् व काकिनाडा यांचा किनारा अवघा ५५० किलोमीटरांच्या सुमारास आहे. म्हणजे आपण महाराष्ट्रांत राहत असलों तरी आपला जवळचा समुद्र पूर्वेचा होय. आपल्या तलावांत सांठणारें पाणी बऱ्याच अंशीं तिकडूनच येतें, आणि कापून टाकलेल्या धानाला कोंब फोडणारा कार्तिकांतला अवेळीं पाऊसहि बहुधा तिकडूनच येतो.

असें असतां, आंध्र वा ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळ आदळल्याची वार्ता ऐकून आपण ती परप्रांताची वार्ता समजतों. वादळ फार मोठें असलें तर भय वाटतें, आणि लहान असलें तर आपण निश्चिंत होतों. हे दोन्ही ग्रह चुकीचे आहेत. वादळाचा जोर किती, या प्रश्नाचें उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यास हवें. आपणांस दोनच गोष्टी विचारावयाच्या असतात: तें जमिनीवर चढल्यानंतर कोणत्या वाटेनें जाणार, आणि त्या दिवशीं आपलें धान कोणत्या अवस्थेंत असणार. याच दोन गोष्टींचें विवेचन येथें करावयाचें योजिलें आहे. आणि त्यासाठीं सन २०२१ चा वादळांचा हंगाम उदाहरणादाखल घेतला आहे.

प्रथम वादळ होतें कसें तें पाहूं. उन्हाळ्यांत माठांतील पाणी थंड कां होतें हें सर्वांस ठाऊक आहे. माठांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन उडतांना पाण्यांतली उष्णता घेऊन जातें. ही घेतलेली उष्णता नाहींशी होत नाहीं. ती वाफेंत दडून राहते, व वाफेचें पुन्हा पाणी होतांना ती बाहेर पडते. भाताच्या भांड्यावरील झाकण काढतांना वाफेनें हात पोळतो, तो उकळत्या पाण्यानें पोळल्यापेक्षां अधिक कां पोळतो, याचें कारण हेंच. समुद्राचें पाणी वरच्या पन्नास-साठ मीटरांपर्यंत साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलें म्हणजे त्यावरील हवा वाफेनें भरून जाते. ती हलकी होऊन वर चढते, उंचावर तिचे ढग होतात, दडलेली उष्णता मोकळी होते, त्या उष्णतेनें हवा आणखी वेगानें वर चढते, आणि खालीं तिची जागा भरण्यास चोहोंकडून वारा धांव घेतो. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें हा वारा सरळ मध्याकडे न जातां आपल्या उत्तर गोलार्धांत डावीकडे वळसा घेत, म्हणजे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें, फिरूं लागतो. हेंच तें चक्र. विषुववृत्ताच्या अगदीं लगत हा वळसा पडत नाहीं, म्हणून तेथें वादळें होत नाहींत. त्याच्या या गोल गतीवरून हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्याच्या गृहस्थानें सन १८४८ मध्यें त्याला ‘सायक्लोन’ हें नांव दिलें.

बंगालचा उपसागर या कामास फार सोयीचा आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी व गोदावरी यांचें गोडें पाणी त्याच्या पृष्ठावर हलक्या थरासारखें पसरतें व तें लवकर तापतें. शिवाय पॅसिफिक महासागरांतील मोडलेल्या वादळांचे अवशेष अंदमानावरून तेथें येऊन पुन्हा बाळसें धरतात. दोन्ही समुद्र मिळून वर्षाला सरासरीनें पांच चक्रीवादळें होतात, आणि अरबी समुद्रांत एक तर बंगालच्या उपसागरांत चार असें त्यांचें साधारण प्रमाण आहे.

हीं वादळें मुख्यतः दोन वेळां होतात: पावसाळ्यापूर्वीं, म्हणजे विशेषेंकरून मे महिन्यांत, आणि पावसाळा सरतांना, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ऐन पावसाळ्यांत समुद्र तापलेला असूनहि मोठें वादळ क्वचितच होतें. चुलीचा धूर निवांत हवेंत सरळ उभा राहतो, पण वर वारा सुटला असतां तो मोडून पडतो. तसेंच हें आहे. पावसाळ्यांत खालून पश्चिमेचा व फार उंचावरून पूर्वेचा असे दोन उलट वारे जोरानें वाहत असतात, त्यामुळें उष्णतेचा खांब उभा राहूं शकत नाहीं, आणि वादळ बाल्यावस्थेंतच राहतें. या बाल्यावस्थेला हवामान खातें ‘अवदाब’ अथवा ‘डिप्रेशन’ म्हणतें. वाऱ्याचा वेग ताशीं ३१ ते ४९ किलोमीटर असला तर अवदाब, ५० ते ६१ असला तर तीव्र अवदाब, व ६२ झाला म्हणजे चक्रीवादळ. पुढें ८९ व ११८ या वेगांवर त्याच्या पायऱ्या वाढत जातात आणि ताशीं सुमारें २२० किलोमीटरांच्या पुढें तें महाचक्रीवादळ ठरतें. ६२ ची पायरी चढली म्हणजेच त्याचें नामकरण होतें. आपल्याकडील समुद्रांत ही चाल सन २००४ पासून पडली, आणि हल्लीं तेरा देशांनीं सुचविलेल्या नांवांच्या यादींतून क्रमानें नांव देतात. अवदाबाला नांव नसतें. नांव नसल्यामुळें वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा होत नाहीं, आणि येथेंच आपली फसगत होते. कारण आपल्या जिल्ह्यावर सर्वांत अधिक पाणी ओतणारा पाहुणा हाच होय.

आतां सन २०२१ चा हंगाम पाहूं. त्या वर्षीं पांच चक्रीवादळें झालीं. पहिलें ‘तौक्ते’ अरबी समुद्रांत होऊन १७ मे रोजीं रात्रीं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीव व उना यांच्या दरम्यान चढलें. कोंकणच्या आंबेवाल्यांचें त्यानें अतोनात नुकसान केलें. दुसरें ‘यास’ २६ मे रोजीं ओडिशाच्या उत्तर भागांत बालासोरच्या दक्षिणेस चढून झारखंडाकडे निघून गेलें. तिसरें ‘गुलाब’ व चौथें ‘शाहीन’. या दोहोंचें नातें पुढें सांगतों. पांचवें ‘जवाद’ डिसेंबरच्या आरंभीं पुरीकडे येत असतां किनारा गांठण्यापूर्वींच दुबळें झालें. या पांचांपैकीं वाऱ्याच्या जोरानें पाहतां तौक्ते व यास हीं थोरलीं. परंतु आपल्या बांध्यांशीं त्यांचा संबंध फारच थोडा. विदर्भावरून प्रत्यक्ष चालून गेलें तें गुलाब, आणि तें जोरानें तौक्तेच्या निम्म्याचेंहि नव्हतें.

त्याची दिनचर्या पाहण्यासारखी आहे. २४ सप्टेंबर रोजीं उपसागरांत अवदाब तयार झाला. २५ तारखेस त्याचें चक्रीवादळ होऊन त्याला नांव मिळालें. २६ तारखेच्या संध्याकाळीं कलिंगपट्टणम् च्या थोडें उत्तरेस तें जमिनीवर चढलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ७५ ते ८५ किलोमीटर होता. जमिनीवर चढतांच वाफेचा पुरवठा तुटला, डोंगर-झाडांच्या घर्षणानें वारा मंदावला, व २७ तारखेस तें दक्षिण ओडिशा, छत्तीसगड व तेलंगण या मार्गानें क्षीण होत पश्चिमेकडे सरकलें. २८ तारखेस तें केवळ कमी दाबाचें क्षेत्र होऊन पश्चिम विदर्भ व मराठवाडा यांवर आलें. वारा गेला, पण पोटांतलें पाणी गेलें नव्हतें. मराठवाड्यांत त्यानें जो पाऊस पाडला त्यामुळें मांजरा धरणाचे सर्व अठरा दरवाजे उघडावे लागले व नदीकांठचें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. तेथून खंभातच्या आखातामार्गें तें अरबी समुद्रांत उतरलें, तापलेलें पाणी मिळतांच पुन्हा जोर धरून त्याचें ‘शाहीन’ झालें, आणि ३ ऑक्टोबर रोजीं ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळलें. एका समुद्रांत जन्मून, संबंध दक्षिण भारत ओलांडून, दुसऱ्या समुद्रांत दुसऱ्या नांवानें उठणारें वादळ विरळा. गोंदिया जिल्हा या वाटेच्या उत्तरेस राहिला, म्हणून मुख्य मारा आपणांवर आला नाहीं. वाट दोनशे किलोमीटर उत्तरेकडून असती तर मांजराकांठची कथा वैनगंगेकांठीं लिहावी लागली असती.

याच्या उलट उदाहरण सन २०१३ च्या ‘फायलिन’चें. १२ ऑक्टोबरच्या रात्रीं तें गोपाळपुराजवळ ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक वेगानें आदळलें. गुलाबच्या मानानें तो राक्षसच होता. पण जमिनीवर येतांच तें उत्तरेकडे वळून बिहाराकडे गेलें, आणि आमचा जिल्हा बाजूस राहिला. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं, विशाखापट्टणम् वर आलेलें ‘हुदहुद’हि छत्तीसगडावरून उत्तरेकडेच वळलें. ऑक्टोबर जसजसा पुढें जातो तसतसे उंचावरील पश्चिमेचे वारे हिमालयाकडून दक्षिणेकडे सरकूं लागतात व ते अशा वादळांना उत्तरेकडे अथवा ईशान्येकडे ओढून नेतात. सप्टेंबरांत हे वारे दूर असतात म्हणून वादळ सरळ पश्चिमेची वाट धरतें. अर्थात् हा नियम रुळांसारखा पक्का नाहीं. सन २०२५ चें ‘मोंथा’ २८ ऑक्टोबरच्या रात्रीं आंध्रच्या किनाऱ्यावर नरसापूरच्या बाजूस चढलें, तेलंगण व छत्तीसगडावरून वर आलें, आणि ३० तारखेस त्याचा अवशेष पूर्व विदर्भ व लगतचा छत्तीसगड यांवरच येऊन ठेपला. सूर्य त्या वेळीं स्वाती नक्षत्रांत होता; हलकें धान कापून कडपा बांध्यांत पडलेल्या होत्या. सन २०२३ मध्यें तर ५ डिसेंबर रोजीं बापटल्याजवळ चढलेल्या ‘मिचाँग’मुळें पूर्व विदर्भांत मार्गशीर्षाच्या तोंडावर ढग व पाऊस आला. चंपाषष्ठी जवळ आली म्हणजे आकाशाकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं, असें आतां म्हणतां येत नाहीं.

परंतु वर म्हटल्याप्रमाणें खरा हिशेब बिननांवाच्या पाहुण्यांचा आहे. १३ सप्टेंबर २०२१ रोजीं ओडिशांत चांदबालीजवळ एक तीव्र अवदाब चढला व छत्तीसगड-मध्यप्रदेशाच्या वाटेनें वायव्येस गेला. ९ सप्टेंबर २०२४ रोजीं पुरीजवळ तसाच दुसरा चढला. त्याच्या पावसानें गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील सखल भाग जलमय झाले. आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो महापूर आला, ज्यांत गोसीखुर्दचे तेहेतीसहि दरवाजे उघडावे लागले, त्याला कारण झालेलें क्षेत्र तर अवदाबाच्याहि पायरीला पोंचलें नव्हतें. तें नुसतें कमी दाबाचें ठळक क्षेत्र होतें. त्या पुराचें पाणी मुख्यतः वरच्या अंगास, शिवनी व बालाघाट या बाजूस पडलेलें होतें. नदीकांठच्या तिरोडा व गोंदिया तालुक्यांतील गांवकऱ्यांनीं हें विसरूं नये कीं, आपल्या डोक्यावर उघाड असतांहि भीमगडच्या संजय सरोवरांतून सोडलेलें पाणी दाराशीं येऊं शकतें. तेव्हां नदीकांठच्या शेतकऱ्यानें गोंदियाचा अंदाज वाचून भागत नाहीं, शिवनीचाहि वाचावा लागतो.

पावसाळी अवदाबाची एक खूण शेतकऱ्यानें अवश्य ध्यानांत ठेवावी. सर्वांत जड पाऊस त्याच्या मध्यावर पडत नाहीं. तो मध्याच्या नैर्ऋत्येस दोन-तीनशे किलोमीटरांपर्यंतच्या पट्ट्यांत पडतो, कारण अरबी समुद्राकडून येणारा ओला वारा तेथेंच कोंडतो व वर चढतो. म्हणून अवदाबाचा मध्य बिलासपूर ते मंडला या बाजूस आहे असें ऐकलें म्हणजे तो ‘अजून छत्तीसगडांत आहे’ अशी समजूत करून घेऊं नये. त्याचें पाणी त्याच वेळीं सालेकसा, देवरी व आमगांव यांवर पडण्यास आरंभ झालेला असतो. पावसाळ्यांत खालची जमीनहि ओली असल्यामुळें असे अवदाब जमिनीवर चढल्यावर तीन-चार दिवस जिवंत राहतात आणि दिवसाला साधारण तीन-चारशे किलोमीटर सरकतात.

मध्य कोठें आहे हें ओळखण्याचा एक जुना व साधा उपाय आहे. बाइस बॅलट नांवाच्या डच हवामानशास्त्रज्ञानें तो सन १८५७ मध्यें मांडला. मोकळ्या जागेंत, झाडें व घरें यांपासून दूर, वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. कमी दाबाचा मध्य आपल्या डाव्या हाताकडे, किंचित् पुढच्या बाजूस, असतो. पाऊस येत असून वारा वायव्येचा वा पश्चिमेचा आहे, तर मध्य ईशान्येस वा उत्तरेस आहे, आणि आपण जड पावसाच्या पट्ट्यांत आहों. वारा हळूहळू नैर्ऋत्येचा होऊं लागला कीं मध्य वायव्येकडे निघून गेला, व जोर ओसरणार. उलटपक्षीं वारा ईशान्येचा वा पूर्वेचा असेल तर मध्य दक्षिणेकडून, तेलंगणाच्या अंगानें, चालला आहे. गुलाब तसेंच गेलें. तोच पुढें आग्नेयेचा झाला कीं वादळ मराठवाड्याकडे सरकलें असें समजावें. बांधावर उभ्या असलेल्या माणसास याकरितां कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. मात्र मंद वाऱ्यांत व गडगडाटी सरींत ही खूण फसवी ठरते. दिवसभर एकाच बाजूनें वाहणाऱ्या वाऱ्यावरच ती पाहावी.

आतां तारखेचा प्रश्न. एकच पाऊस एका महिन्यांत वरदान व दुसऱ्या महिन्यांत शाप कसा होतो, हें धान पिकविणाऱ्यास सांगणें नको. तरी हिशेब मांडून पाहावा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर म्हणजे चार लाख लिटर. हे चार लाख लिटर जुलैच्या अखेरीस आले तर रोवणी उरकते. मघा-पूर्वांत आले तर बोड्या व माजी मालगुजारी तलाव भरतात, आणि भाऱ्या धानाची आश्विनांतली तहान त्यावरच भागते. इटियाडोह व बाघ प्रकल्पाच्या टापूबाहेरील शेतकऱ्यास दुसरा आधार तो कोणता? वादळांना शिव्या देतांना हें विसरूं नये कीं, उपसागर एखाद्या वर्षीं मुका राहिला तर आपले तलाव रितेच राहतात. तेंच पाणी हस्ताच्या आरंभीं, म्हणजे गुलाबच्या वेळीं, आलें तर भारी धान गर्भावस्थेंत असतें व त्यास तें मानवतें. परंतु मध्यम जाती फुलोऱ्यावर असतात. धानाचें फूल सकाळीं नऊ ते बाराच्या सुमारास उघडतें. त्या वेळीं सतत झड लागली तर पराग धुऊन जातात आणि लोंबींत पोचट दाणे राहतात. हलकें धान दुधावर असतें, तें वाऱ्यानें लोळतें. चित्रांत व स्वातींत आलें तर पुढें सांगण्याचें कारण नाहीं. लाखोळी व जवस यांचा उतेरा पेरलेला असेल तर तोहि सांचल्या पाण्यांत कुजतो, म्हणजे एका पावसांत दोन पिकें जातात.

मग करावें काय? गुलाबच्या दिनचर्येकडे पुन्हा पाहावें. अवदाब झाला २४ तारखेस, विदर्भावर तो आला २८ तारखेस. हे मधले चार दिवस हीच आपली मिळकत. किनाऱ्यावरच्या माणसास याच्या निम्मा अवधि मिळतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून जिल्हावार इशारे निघतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, तांबडा म्हणजे हातपाय हलवा, असा त्या रंगांचा व्यवहारी अर्थ घ्यावा. ‘मेघदूत’ या मोबाइलवरील साधनांत तालुक्यास उपयोगी सल्लाहि मिळतो. उपसागरांत अवदाब झाला एवढी वार्ता कानीं येतांच विळा खुंटीला लावावा, हा पहिला नियम. पिकलेलें उभें धान पावसांत भिजलें तरी वाऱ्यानें दोन दिवसांत सुकतें. कापून आडवें पडलेलें धान खालून ओल धरतें व दाणा दाण्याला चिकटून तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कोंब दिसूं लागतात. प्रस्तुत लेखकानें एका कार्तिकांत मजूर मिळाले आहेत, पुढें मिळतील न मिळतील, या लोभानें तीन एकर एकाच दिवशीं आडवे केले. त्या दिवशीं आकाश आरशासारखें स्वच्छ होतें. वादळापूर्वीं असें स्वच्छ आकाश पुष्कळदां दिसतें, हें पुस्तकांत वाचलेलें होतें. पण पुस्तक घरीं होतें व मजूर शेतांत! ते तीन एकर पुढें जनावरांच्या कामीं आले.

कडपा पडल्याच असतील तर चार दिवसांत त्या बांधून उंच जागीं पुंजणे रचावे. पुंजण्याखालीं तणसाचा वा लांकडांचा थर द्यावा, लोंब्या आंत व बुडखे बाहेर ठेवावे, वर ताडपत्री उतरती बांधावी. सपाट बांधलेल्या ताडपत्रींत पाणी सांचतें व तें नेमकें मध्येंच गळतें. ओल्या पेंढ्यांचा पुंजणा मात्र कधींहि रचूं नये. तो आंतून तापतो व दाणा पिवळा पडतो. हातीं दोन दिवसच असले आणि यंत्र मिळत असलें तर चुरणी उरकून धान घरांत घ्यावें, ओलें असलें तरी. ओलें धान छपराखालीं पातळ पसरून पंख्यानें वाळवितां येतें, कडपा वाळविण्यास छप्पर कोठून आणणार?

पाऊस येऊन गेल्यावर प्रथम बांधीचें पाणी काढावें. धुरे फोडतांना खालच्या शेजाऱ्यास सांगून फोडावे. या एका गोष्टीवरून गांवांत वर्षानुवर्षें वैर राहिल्याचीं उदाहरणें सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेत. तलावाचा सांडवा गवत-काट्यांपासून मोकळा आहे कीं नाहीं हें पाऊस येण्यापूर्वींच पाहावयाचें असतें. भिजलेल्या कडपा उलटून लोंब्या वर कराव्या. कोंब फुटण्याची भीति असल्यास मिठाच्या पांच टक्के द्रावणाची, म्हणजे दर लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम मीठ या प्रमाणांत, लोंब्यांवर फवारणी करण्याचा सल्ला आंध्र व तेलंगणांतील कृषि विद्यापीठें देतात. तिकडे हा प्रसंग आपल्यापेक्षां अधिक वेळां येतो, तेव्हां त्यांच्या अनुभवास मोल आहे. कांहीं जातींच्या दाण्यास पिकल्यावर दोन-तीन आठवडे निद्रा असते व तो भिजूनहि लवकर उगवत नाहीं, कांहींस ती मुळींच नसते. बियाणें निवडतांना उताऱ्याबरोबर हाहि गुण सिंदेवाही वा साकोलीच्या संशोधन केंद्रांत विचारून घ्यावा.

उभ्या भाऱ्या धानावर वादळानंतरच्या ढगाळ व दमट हवेंत तुडतुडे, करपा व कडाकरपा यांचें फावतें. अशा वेळीं, आणि पावसाचा इशारा असतांना तर नकोच, युरियाची मात्रा देऊं नये; अर्धी वाहून जाते व उरलेली रोगाच्या उपयोगी पडते. बांधीत उतरून बुंध्याशीं झाडें वांकवून तुडतुडे पाहावे. वरून हिरवें दिसणारें धान बुडाशीं जळत असतें.

नुकसान झालेंच तर त्याच दिवशीं छायाचित्रें काढून तलाठी व कृषि सहायक यांस कळवावें. विम्याच्या अटी वर्षोवर्षीं बदलत आल्या आहेत. मागल्या वर्षीं शेजाऱ्यास काय मिळालें यावर न जातां त्या हंगामाचें परिपत्रक वाचावें.

विक्रीच्या वेळीं हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची मर्यादा सतरा टक्के असते. भिजलेलें धान तेथें नेण्यापूर्वीं दांताखालीं फोडून पाहावें, कट्ट् असा आवाज आला तरच पोतीं भरावीं. आणि भिजलेल्या राशींतून पुढील सालचें बियाणें ठेवणें भागच असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे. आठवड्यानें उघडून उगवलेले दाणे मोजावे. ऐंशींहून कमी भरले तर तें धान कांडण्यास काढावें व बियाणें दुसरीकडून आणावें.